उत्तुंग निवासी इमारतींतील अग्निसुरक्षा

उंच निवासी इमारतींत आग लागू न देणे, लागल्यास पसरू न देणे व रहिवाशांची सुटका करणे यांसाठी योजिलेली व्यवस्था. अग्निशामक दलाची शिडी वरच्या मजल्यांपर्यंत पोहोचेलच असे नसते. शिवाय जिन्याची उभी पोकळी धुराड्याचे कार्य करते. म्हणून जिन्याची अग्निरोधक दारे बंद, तर जलनल, पंप व पाण्याची टाकी सज्ज ठेवणे आवश्यक असते. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार ही जबाबदारी मालक वा भोगवटादार यांची, बहुधा सहकारी गृहनिर्माण संस्थेची, असते. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते. देखभालीअभावी बंद पडलेला पंप वा सामानाने अडलेला जिना बांधकामाच्या वेळी केलेली सर्व व्यवस्था निष्फळ ठरवितो.