पत्र लिहिणाराच गप्प झाला तर?

आमच्या थोरल्या वहिनींच्या कपाटात लॅबच्या रिपोर्टांची एक फाइल आहे. तिच्यात टीएसएच तपासणीचे चार वेगवेगळ्या वर्षांचे कागद आहेत : २.१, १.८, २.६, २.३. एकही आकडा ठळक छापलेला नाही, एकाखालीही रेघ नाही. त्या वर्षांत वहिनी वैशाखातसुद्धा शाल पांघरून बसत, ओट्यापाशी उभ्या उभ्या पेंगत. घरातले आम्ही सगळे, मीसुद्धा, ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे’ म्हणून विषय मिटवत असू. मी डॉक्टर नाही. माझे वैद्यकाचे वाचन सुरू झाले ते या फाइलमुळे.

पहिला गैरसमज नावातच आहे. टीएसएच हे थायरॉइडचे संप्रेरक नव्हे. ते तयार होते मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीत, म्हणजे पिट्यूटरीत. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी टी-फोर आणि थोडे टी-थ्री बनवते. रक्तात ते कमी पडले की पीयूषिका थायरॉइडला जणू पत्र धाडते : काम वाढव. हे पत्र म्हणजे टीएसएच. थायरॉइड दमली की पत्रांचा पाऊस पडतो; ती बेफाम झाली की पत्रे थांबतात. म्हणून टीएसएच वाढणे म्हणजे बहुधा थायरॉइड मंदावणे. ‘आकडा वाढला, म्हणजे थायरॉइड वाढला’ हे आपले नेहमीचे वाक्य नेमके उलटे आहे.

हे पत्र वाचता येऊ लागले त्याला फार काळ झालेला नाही. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका स्त्रीला बरे केले. ती पुढे २८ वर्षे जगली. पण मरे यांच्याजवळ मोजमाप नव्हते. चेहऱ्यावरची सूज, कोरडी त्वचा, जड झालेला आवाज हाच त्यांचा रिपोर्ट. १९१४ च्या नाताळात एडवर्ड केंडॉल यांनी अमेरिकेत थायरॉक्सिन वेगळे केले. तरी रक्तातली संप्रेरके इतकी अत्यल्प, की ती मोजायची कशी हा प्रश्न उरलाच. तो सुटला न्यूयॉर्कमध्ये. रोझलिन यालो या भौतिकीच्या आणि सॉलोमन बर्सन हे डॉक्टर. या दोघांनी किरणोत्सारी खूण लावलेल्या रेणूंच्या साहाय्याने आधी इन्सुलिन मोजून दाखवले. या पद्धतीचे पेटंट त्यांनी घेतले नाही. १९७७ मध्ये यालोंना नोबेल मिळाले. बर्सन १९७२ मध्येच गेले होते. याच वाटेने पुढे टीएसएचही मोजता येऊ लागले.

टीएसएचवर इतका भरवसा का? टी-फोर थोडेसे हलले तरी टीएसएच कित्येक पटींनी हलते. त्यामुळे बिघाड लवकर कळतो. साधारण ०.४ ते ४ ही बहुतेक लॅबची मर्यादा. प्रत्येक लॅबची थोडी निराळी, म्हणून कागदावर छापलेलीच पाहावी. आकडा मर्यादेच्या किंचित बाहेर असेल, तर बऱ्याचदा काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात आणि सोबत टी-फोर पाहतात. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत तो एरवीपेक्षा खाली येतो, उतारवयात थोडा वर सरकतो. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या काही यंत्रांना फसवतात. त्या चालू असल्या तर आधी सांगावे. गोळीचा डोस बदलल्यावर सहा आठवडे थांबायचे कारणही साधे आहे : टी-फोर रक्तातून निम्मे व्हायलाच आठवडा लागतो. आणि गोळी चालू असताना आकडा नॉर्मल आला, तर ते श्रेय गोळीचे. ती आपल्या मनाने बंद करू नये.

पण या सगळ्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : पत्र लिहिणारा धडधाकट आहे. तो नसला तर?

१९३७ मध्ये हॅरोल्ड शीहान या ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञाने याचे उत्तर मांडले. गरोदरपणात पीयूषिका मोठी होते, तिला रक्त जास्त लागते. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला तर तिचा पुरवठा तुटतो आणि ती अंशतः मरते. आई वाचते, पण ग्रंथी मुकी होते. मग थायरॉइड थंडावली तरी तिला हाक मारणारे कोणी नसते. अशा वेळी टीएसएच कमी येऊ शकते, आणि चक्क नॉर्मलही येऊ शकते.

वहिनींच्या दुसऱ्या बाळंतपणात रक्ताच्या बाटल्या लावाव्या लागल्या होत्या. दूध आलेच नाही. बाळ वरच्या दुधावर वाढले. पाळी परत आली नाही, तेव्हा ‘सुटले एकदाची’ म्हणत त्या हसल्या होत्या. या तीन गोष्टी घरात सगळ्यांना ठाऊक होत्या. त्या एका ओळीत कोणीच ठेवल्या नाहीत. अठरा वर्षांनी एका संप्रेरकतज्ज्ञ बाईंनी रिपोर्ट बाजूला सारून विचारले, “बाळाला अंगावर पाजलं होतं का तुम्ही?” मी शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसलो.

टी-फोर तपासले, तळाला. कॉर्टिसोलही तळाला. डॉक्टरांनी आधी स्टेरॉइड सुरू केले, थायरॉक्सिन नंतर. हा क्रम महत्त्वाचा, कारण कॉर्टिसोल नसलेल्या शरीराला नुसते थायरॉक्सिन दिले तर जीवावर बेतू शकते. आता वहिनींचा डोस टी-फोर पाहून ठरतो. त्यांच्या टीएसएचला काही सांगताच येत नाही.

यंत्राने मोजले ते चारही आकडे बहुधा बरोबरच होते. चुकला तो आमचा प्रश्न. फाइलच्या सर्वांत वर आता मी एक कागद लावला आहे. त्यावर दोनच ओळी आहेत : ‘बाळंतपणात अतिरक्तस्राव. दूध आले नाही.’ वहिनी डॉक्टरांकडे निघाल्या की आधी तो कागद पिशवीत घालतात, मग रिपोर्ट.