बसचा तळ आणि पहिली पायरी

बारामतीच्या किंवा इंदापूरच्या स्थानकावर एस. टी.च्या दाराशीं क्षणभर उभें राहून पाहावें. तरुण मनुष्य दांडी धरून सहज वर चढतो. परंतु गुडघे धरलेल्या आजीबाईंना तीच पायरी गडासारखी वाटते. बसचा तळ इतका उंच कां, याचें उत्तर तिच्या सांगाड्यांत आहे.

साध्या बसमध्यें इंजिन पुढें असतें. त्याची शक्ति लांब दांड्यानें मागच्या चाकांना पोंचते. या दांड्याच्या आणि चाकांच्या आंसाच्या वरून पोलादी सांगाडा जातो, आणि बसण्याचा तळ त्याहूनही वर येतो. शहरी बसच्या तळाच्या तीन उंची आपल्याकडे रूढ आहेत : ९००, ६५० आणि ४०० मिलिमीटर. शेवटची ती लो-फ्लोअर, म्हणजे सखल तळाची बस. तींत इंजिन मागें नेतात, आंस खालीं वांकवितात आणि कमानपाट्यांऐवजीं हवेच्या फुग्यांवर गाडी तोलतात. थांब्यावर थोडी हवा सोडली कीं गाडी दाराच्या बाजूस लवते, आणि चाकांची खुर्चीही फळीवरून आंत जाते.

दुमजली बसचा हेतु निराळा. थोड्या रस्त्यावर पुष्कळ माणसें न्यावयाचीं. मुंबईंत ती १९३७ सालीं आली. जुनी डिझेलची शेवटची दुमजली गाडी १५ सप्टेंबर २०२३ रोजीं थांबली; त्याच वर्षीं विजेच्या गाड्या धांवूं लागल्या होत्या. ४.७५ मीटर उंचीच्या मर्यादेंत दोन मजले बसवावयाचे, म्हणजे येथेंही खालचा तळ सखल ठेवणें भागच पडतें.

मग या गाड्या आपल्या तालुक्यांत सरसकट कां आणूं नयेत? खेड्यांतील गतिरोधकावर सखल गाडीचें पोट घांसतें. दुमजली गाडीला वडाच्या फांद्या आणि विजेच्या तारा आडव्या येतात. शिवाय सासवडमार्गें पुण्यास जातांना दिवे घाटाचीं वळणें लागतात, तेथें उंच गाडीचा तोल नाजूक होतो.

परंतु गाडी खालीं येत नसेल, तर फलाट वर आणतां येतो. पुण्यांत बी. आर. टी. मार्गावर हेंच केलें आहे. तेथें फलाट आणि तळ समपातळींत असतात. आपल्या स्थानकांत गाडी फलाटाकडे तोंड करून उभी राहते व दार बाजूला पडतें. एखादा तरी उंच फलाट असा बांधावा, कीं गाडी त्याला बाजूनें लागेल. रुग्णालयाच्या वाटेवरील आजारी माणसाला प्रवासाचा पहिला अडथळा ती पायरीच असते.