कार्पीचे विणकर आणि प्रांतिक सरकार

इटलीच्या एमिलिया-रोमान्या प्रांतातील कार्पी या गावी, जेथे पूर्वी विलो झाडाच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या गुंफून टोप्या करीत, तेथे दुसऱ्या महायुद्धानंतर विणकामाचे असंख्य लहान कारखाने उभे राहिले. कोणी केवळ विणावे, कोणी शिवावे, कोणी इस्त्री करावी, अशी त्यांची वाटणी. अशा कारखानदाराला पुढील हंगामाच्या रंगांची वा परदेशी बाजाराची खबर स्वखर्चाने मिळविणे अशक्यप्राय. म्हणून १९७४ मध्ये प्रांतिक सरकारने ‘एर्वेट’ ही विकाससंस्था स्थापिली आणि तिच्या आश्रयाने १९८० मध्ये कार्पीत ‘चितेर’ हे माहितीकेंद्र उघडले. खजिन्यातील रक्कम एकेकाच्या पदरात न घालता सर्वांना सामायिक ज्ञान पुरविण्याचे हे धोरण मला विशेष दूरदर्शी वाटते. संगणकावर वीण आखण्याचे तंत्रही पुढे याच केंद्राने लहान कारखान्यांसाठी सिद्ध केले.