वादळाचे नुकसान व विम्याचा दावा

वळिवाच्या वाऱ्याने गोठ्याचे पत्रे उडाले की, सांगोला तालुक्यातील पुष्कळ शेतकरी पंचनामा करवून निश्चिंत होतात. आमची हयात महसूल खात्याच्या दप्तरात गेली. म्हणून स्पष्ट सांगतो की, हा पंचनामा सरकारी मदतीकरिता असतो. ग्राम महसूल अधिकाऱ्याने, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याने, तो केला म्हणून विमा कंपनीस वर्दी पोचत नाही. आमच्या एका आप्ताचा दावा याच समजुतीपायी अडला. कंपनीस निराळी लेखी सूचना तत्काळ द्यावी व पोच घ्यावी.

पुढे कंपनी परवानाधारक सर्व्हेअर पाठविते. त्याची फी तीच देते. तो येण्यापूर्वी मोडतोड हलवू नये; हलविणे भागच पडल्यास आधी फोटो काढावेत. खरेदीच्या पावत्या व दुरुस्तीचा अंदाज तयार ठेवून पाहणीस स्वतः हजर राहावे.

अमेरिकेत विमेदाराच्या बाजूने दावा चालविणारे परवानाधारक तज्ज्ञ टक्केवारीवर मिळतात. आपल्याकडे तसा परवाना नाही. सबब मंजूर रकमेत हिस्सा मागणाऱ्या इसमास कोऱ्या कागदावर सही देऊ नये.

रक्कम अपुरी वाटल्यास सर्व्हेअरच्या अहवालाची नक्कल मागावी व कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात दाद न लागल्यास पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत अर्ज करावा. तेथे फी नाही व वकीलही लागत नाही. कागद जपणाऱ्यास मध्यस्थाची गरज सहसा पडत नाही, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.