माहिती देणारा : जावई

लेक मेलबर्नला असते. जावई तिथलाच. त्याच्या घराण्याचा मूळ पुरुष इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून बेंडिगोच्या सोन्याच्या खाणींत आला, एवढंच त्याला ठाऊक. माझी सगळी नोकरी जुने फेरफार वाचण्यात गेली, आणि तिथे मुक्काम तर सहा महिन्यांचा. बसलो दोघे.

हा शोध उलट्या पावलांनी घ्यायचा असतो, मरणापासून जन्माकडे. व्हिक्टोरियात 1853 पासूनचे मृत्यूचे दाखले इंग्लंडातल्यांपेक्षा कितीतरी बोलके : आईबापांची नावं, जन्मगाव, वसाहतीत किती वर्षं काढली, लग्न कुठे झालं, मुलं कोणकोण. दाखला पडद्यावर आला तसा जावई हरखला. मी आधी माहिती देणाऱ्याचा रकाना पाहिला. माहिती देणारा : जावई. मग मयताच्या आईचं माहेरचं नाव ‘माहीत नाही’ असणारच. माझ्या सासऱ्यांच्या आईचं मला तरी कुठे ठाऊक आहे?

वयाचा घोळ त्याहून मजेचा. 1841 च्या जनगणनेत गडी 30 वर्षांचा, 1851 मध्ये 44, आणि त्यानंतर चार वर्षांनी जहाजाच्या यादीत 39! पहिल्या आकड्यात खोट नाही. 1841 मध्ये पंधरा वर्षांवरच्या माणसाचं वय खालच्या पाचाच्या पटीत लिहायचा हुकूमच होता; चौतिसाचे तीस होत. जहाजावरचं वय मात्र त्याने स्वतः उतरवलं असावं. सरकारी खर्चाने जाणाऱ्यांत चाळिशीच्या आतली जोडपी हवी असत. शाळेत घालताना आपल्याकडेही तारखा अशाच सरकत.

1851 च्या जनगणनेत जन्माचा पॅरिश लिहिलेला असतो, म्हणून रेडरूथ सापडलं. तिथल्या चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याची एक ओळ मिळाली : मुलाचं नाव, आईबापांचं नाव, बस्स. बापाचा धंदा लिहायचे छापील रकाने 1813 पासूनचे. जावयाने ती ओळ वंशावळीत चढवलीसुद्धा. मी म्हटलं, थांब, दफनाची वही बघ. पोर दोन वर्षांचं होऊन पुरलेलं. बाप्तिस्म्याच्या वहीत तीन पानं पुढे त्याच आईबापांनी तेच नाव दुसऱ्या मुलाला ठेवलेलं. आपला माणूस तो दुसरा. दफनाची वही न उघडता पूर्वज मिळाला म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

जहाजाच्या यादीत पाच मुलं आहेत, दाखल्यात चार. मेलेली मुलंही दाखल्यात लिहीत, पण ते सांगणाऱ्याला ठाऊक असेल तर. धाकटी मुलगी, वय एक. तिचं लग्न नाही, बेंडिगोला कबर नाही. समुद्रावरच्या मृत्यूंची वही वेगळी ठेवलेली असते. परवा जावयाने तिच्या नावाचा अर्ज भरला, आणि मुलीशी नातं काय या रकान्यापाशी माझ्याकडे बघत बसला.