शेतात टाकलेले कीटकनाशक जाते कुठे?

फोरेट हे दाणेदार कीटकनाशक आपल्याकडे ‘थिमेट’ या नावाने ओळखले जाई. ऊस, भात अशा पिकांच्या मुळांशी ते मातीत टाकत. ३१ डिसेंबर २०२० पासून भारतात त्यावर पूर्ण बंदी आहे. तरीही मातीत त्याचे काय होई, हे समजून घेण्यासारखे आहे.

मातीत पडलेल्या कीटकनाशकाचा काही भाग कणांना चिकटतो, काही पाण्याबरोबर खाली झिरपतो, काहीची वाफ होते आणि उरलेल्याचे हळूहळू विघटन होते. कोणता भाग किती, हे पदार्थाच्या गुणधर्मांवर आणि मातीवर अवलंबून असते. डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ते मातीतल्या ह्यूमसला घट्ट चिकटून वर्षानुवर्षे राहते आणि धूप झालेल्या मातीबरोबरच ओढ्यात जाते. याउलट इमिडाक्लोप्रिड एक लिटर पाण्यात अर्ध्या ग्रॅमहून अधिक विरघळते. साहजिकच ते झिरपण्याची शक्यता जास्त.

चिकटण्याची ही क्रिया वर्गात दाखवता येते. दोन नरसाळ्यांत कापसाचा बोळा ठेवून काळी माती भरा. एकात मेथिलीन ब्लूचे, दुसऱ्यात इओसिनचे विरल द्रावण ओता. निळा रंग मातीत अडकतो, लाल मात्र बराचसा खाली उतरतो. चिकणमातीचे कण ऋणभारित असतात. निळ्या रंगाचे आयन धनभारित, तर लाल रंगाचे ऋणभारित. बहुतेक कीटकनाशके भारित नसतात, ती मुख्यतः ह्यूमसला चिकटतात. पण माती सर्वांना सारखे अडवत नाही, हा मुद्दा तोच.

काळ्या मातीत आणखी एक गोष्ट घडते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पहिल्या जोरदार पावसाचे पाणी या भेगांतून, कणांना फारसे न शिवता, थेट खोल जाते.

आता विघटन. हे काम मुख्यतः सूक्ष्मजीव करतात, काही पाणी व ऊन करते. अर्धायुष्य ६० दिवस धरले तर १ किलोचे १८० दिवसांनी १२५ ग्रॅम उरेल. पण हा हिशेब वरच्या थराचा. खोलवर सूक्ष्मजीव कमी असतात, म्हणून तिथे पोचलेला पदार्थ अधिक काळ टिकतो.

शिवाय ‘विघटन झाले’ म्हणजे ‘विष संपले’ असे नव्हे. मातीत फोरेटचे ऑक्सिडीकरण होऊन आधी सल्फॉक्साइड आणि मग सल्फोन बनते. ही दोन्ही विषारीच असतात, मूळ फोरेटपेक्षा जास्त टिकतात आणि पाण्याबरोबर सहज सरकतात. विहिरीच्या पाण्यात फक्त फोरेट शोधले, तर ‘आढळले नाही’ असा अहवाल येईल आणि पाणी तरीही पिण्याजोगे नसेल.

म्हणून कोणतेही कीटकनाशक ‘लवकर नाहीसे होते’ असे ऐकले की आपण विचारायला हवे : नाहीसे होऊन त्याचे काय बनते, आणि ते कुठे जाते?