पेट्रोलच्या टाकीतला गंज: ऐकीव किती, खरं किती

मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून शेवटच्या येझदी बाहेर पडल्या १९९६ साली. त्याच वर्षी आरएक्स १०० बनणंही थांबलं. म्हणजे या गाड्यांतली धाकटीतली धाकटीसुद्धा आता तिशीला आली. जुन्या राजदूत, बुलेट, चेतकही याच पंगतीतल्या. अशी गाडी पडवीतून ओढून काढली, प्लग बदलला, बॅटरी घातली की एखाद्या किकला चालूही होते. मग नाक्यापर्यंत जाऊन मिसिंग करायला लागते आणि बसते. कार्ब्युरेटर खोलला की फ्लोटच्या भांड्यात तांबूस चिखल सापडतो. तो आलेला असतो टाकीतून.

टाकीच्या गंजावर गॅरेजमध्ये प्रत्येकाकडे एक इलाज असतो. बऱ्याचशा इलाजांत थोडंफार तथ्य आहे, आणि घोळही त्यामुळेच होतो.

सध्या सगळ्यात जोरात आहे तो आरोप इथेनॉलवरचा. ‘पूर्वीच्या पेट्रोलने टाक्या सडत नव्हत्या, हे वीस टक्के आल्यापासून सडायला लागल्या.’ आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे पहिले प्रयोग २००१ साली झाले; त्यांतली दोन ठिकाणं आपलीच, मिरज आणि मनमाड. वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपावर यायला २०२३ साल उजाडलं. टाक्या मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून गंजत होत्या. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू लागतो, इथेनॉल नाही. तरीही इथेनॉल अगदीच निर्दोष नाही. नुसतं पेट्रोल पाण्याला जवळ करत नाही, त्यामुळे पाणी तळाशी वेगळं बसतं. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल लिटरमागे चार-पाच मिलिलिटर पाणी स्वतःत मुरवून घेतं. गाडी रोज चालत असेल तर हे पाणी पेट्रोलबरोबर इंजिनात जाऊन निघून जातं, म्हणजे फायदाच. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली आणि पाणी त्या मर्यादेपलीकडे गेलं, किंवा थंडी पडली, की इथेनॉल आणि पाणी जोडीने पेट्रोलपासून फुटून खाली उतरतात. पत्र्याला तो थर नुसत्या पाण्यापेक्षा बरा नसतो. शिवाय इथेनॉल जुना चिकट साका सुटा करतं. वर्षानुवर्षं भिंतीला धरून बसलेला गंज मग एकदम खाली येतो आणि लोकांना वाटतं, तो कालच धरला.

पाणी येतं कुठून? ‘हवेतलं बाष्प आत थिजतं’ हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. हिशेब करून पाहू. तीस अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम बाष्प असतं. १३ लिटरच्या रिकाम्या टाकीतल्या हवेत ते झालं ०.४ ग्रॅम, म्हणजे सात-आठ थेंब. तेही सगळं थिजत नाही. दिवसरात्रीच्या तापमानातल्या फरकाने टाकी थोडी थोडी हवा आतबाहेर करते, त्यामुळे कोकणातल्या अख्ख्या पावसाळ्यात हा हिशेब वाढतो, हे कबूल. पण टाकी उपडी केल्यावर कपभर पाणी निघतं, तेव्हा ते झाकणातून आलेलं असतं. झाकणाखालचं रबर कडक होऊन चिरतं, त्यावर पाऊस पडतो, सर्व्हिसिंगवाला प्रेशरने पाणी मारतो. टाकी काठोकाठ भरून ठेवण्याचा सल्ला चांगलाच आहे, कारण पत्रा हवेपासून झाकला जातो. पण फाटक्या रबराखालची भरलेली टाकीही पाणी पिते.

आता गंज काढण्याकडे वळू. ‘संडास साफ करायचं ॲसिड ओता, तासाभरात चकाचक.’ चकाचक होते, यात खोटं काही नाही. या बाटल्यांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते गंज खातं आणि गंज संपला की खालचा पत्राही खायला लागतं. तळाच्या शिवणीपाशी पत्रा आधीच कागदासारखा झालेला असतो. भोक पडायचं ते तिथे पडतं. टाकीला आतून जस्ताचा मुलामा असेल तर तो सगळ्यात आधी जातो. त्यातून निघणारे फेस आणि वाफ फुप्फुसाला वाईट, आणि हायड्रोजन पेट घेणारा. झाकणाकडून एक ओघळ बाहेर आला तर रंगाचं वाटोळं.

याच्या पुढचा गैरसमज अधिक चिवट आहे: ‘नंतर खाण्याचा सोडा टाकला की ॲसिड मरतं.’ मरतं, पण हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडा यांच्यापासून तयार होतं ते साधं मीठ. म्हणजे दुमडलेल्या शिवणीत आता खारं पाणी बसलेलं असतं, आणि लोखंडाला मीठ काय करतं ते समुद्रकाठच्या माणसाला सांगायला नको. सोड्यानंतर स्वच्छ पाण्याने पुन्हापुन्हा खळबळून धुतलं नाही तर महिन्याभरात शिवणीतून तांबूस रेघ उतरते.

त्यापेक्षा लिंबूसत्त्व, म्हणजे दुकानात सुटं मिळणारं सायट्रिक ॲसिड, घरच्या कामाला जास्त शहाणं. लिटरमागे ५० ते १०० ग्रॅम, पाणी गरम, टाकी गच्च भरलेली, आणि अधूनमधून झाकण उघडून नजर. एका रात्रीत बराच गंज सुटतो. हेही आम्लच आहे, त्यामुळे आठवडाभर विसरून चालत नाही. फॉस्फोरिक आम्लाचा फायदा वेगळा: गंज काढून झाल्यावर ते पत्र्यावर फॉस्फेटचा करडा पापुद्रा सोडतं. तो गंजाला कायमचा अडवत नाही, पण पुढच्या कामाला उसंत देतो. कोलाने टाकी साफ होते ही दंतकथा यातूनच आली. कोलात फॉस्फोरिक आम्ल असतं खरं, पण इतकं पातळ की टाकीभर कोलाच्या पैशात लिंबूसत्त्वाच्या कित्येक पुड्या येतील. वर साखरेचा चिकटा निस्तरायचा तो वेगळाच. गंमत म्हणजे, साखर कारखान्याची मळी नऊ-दहा पट पाण्यात कालवून त्यात लोखंड दोन-तीन आठवडे बुडवलं तर गंज खरोखर सुटतो. परदेशातले जुन्या गाड्यांचे शौकीन हे नेमाने करतात. ज्या मळीपासून निघणाऱ्या इथेनॉलला आपण गंजासाठी शिव्या देतो, तीच मळी गंज काढते. वासाची तयारी मात्र ठेवावी.

यातलं काहीही ओतण्याआधी एक पायरी आहे, आणि सर्रास चुकते ती हीच. जुनं पेट्रोल उडून गेल्यावर भिंतीवर वार्निशसारखा थर राहतो. चेतक-राजदूतच्या टाकीत तर पेट्रोलबरोबर ऑइलही मिसळलेलं असायचं. त्या तेलकटपणाने पत्रा थोडा वाचतो, ही चांगली बाजू; पण पाण्यात कालवलेलं आम्ल त्यावरून घरंगळून जातं आणि गंज जिथल्या तिथे राहतो. आधी कपड्याचा साबण चुरा आणि कढत पाण्याने तेल काढायचं. आत पाणी पसरून राहिलं, मण्यांसारखं गोळा झालं नाही, की टाकी आम्लाला तयार.

खडी किंवा नटबोल्ट घालून हलवण्याची पद्धत जुनी आणि चालणारी आहे, पण तिने सुटे पापुद्रे निघतात, खड्ड्यांतला गंज निघत नाही. खडीपेक्षा बारीक साखळी बरी, कारण ओढली की सगळी बाहेर येते. नट टाकलेच तर मोजून टाका. सोळावा नट महिन्याने कॉकपाशी सापडलेला माणूस प्रत्येक गॅरेजमध्ये एक तरी असतो.

वीज लावून गंज काढण्याला लोक जादू समजतात किंवा थोतांड. दोन्ही नाही. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने टाकी भरायची, तोंडातून एक लोखंडी गज टाकीला कुठेही न टेकवता सोडायचा, चार्जरची उणे बाजू टाकीला, अधिक गजाला. गज झिजतो, टाकीचा चांगला पत्रा शाबूत राहतो. जोडणी उलटी केली तर झिजते ती टाकी. गजाच्या जागी स्टीलचा चमचा वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठ टाकलं तर क्लोरीन निघतो. टाकीला चिकटून हायड्रोजनचे बुडबुडे येत राहतात, आणि हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते. हे काम उघड्यावरच करायचं, आणि चिमटे काढण्याआधी चार्जर भिंतीवरच्या बटणाने बंद करायचा. चासीवर बसणारी टाकीची मधली खोबण असते ना, तिच्या पलीकडे गज ‘पाहू’ शकत नाही. तिकडचा गंज राहतो, मग गज हलवून पुन्हा.

धुऊन उन्हात ठेवली की झालं, असं मानणाऱ्यांची टाकी संध्याकाळी आतून नारिंगी झालेली असते. उघडा, ओला, आम्लाने धुतलेला पत्रा मिनिटांत गंज धरतो. शेवटचं पाणी ओतलं की लगेच टाकी उपडी करून हेअर ड्रायरची हवा आत सोडायची. स्पिरिटने खळबळायचं असेल तर ड्रायर आधी दूर, स्पिरिट नंतर. लगेच गाडी चालवायची नसेल तर थोडं टू-स्ट्रोक ऑइल आत फिरवून ठेवलं की पुरतं.

चुंबकाबद्दलही एक समज आहे: टाकीत किंवा फिल्टरपाशी चुंबक ठेवला की गंज तिथेच अडकतो. लाल गंज चुंबकाला जेमतेम ओढला जातो. चिकटतात ते काळसर कण आणि पत्र्याचे तुकडे. पायलट जेटचं भोक मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास असतं. ते बुजवायला लाल धूळच पुरते.

आणि आता कोटिंग. ‘गंज काढायची कटकट कशाला, सीलर ओतला की आतलं सगळं बंद.’ टाकीचे सीलर बहुधा दोन डब्यांचे, एपॉक्सीच्या जातीचे. ते धरून राहतात ते पत्र्याला, गंजाच्या पापुद्र्याला नाही. पापुद्रा सुटला की त्याच्याबरोबर कोटिंगही सुटतं, आणि प्लास्टिकच्या कागदासारखं कॉकच्या जाळीवर जाऊन बसतं. गंज निदान धुता येतो. असं अर्धवट सुटलेलं कोटिंग काढणं हे मूळ कामाच्या तिप्पट. काही जुन्या प्रकारची कोटिंगं तर इथेनॉलने मऊ पडतात, म्हणून डब्यावर इथेनॉल चालतं असं लिहिलेलं नसेल तर तो घेऊच नये.

माझं स्पष्ट मत: पत्रा भक्कम असेल तर सीलर लावूच नका. टाकी रिकामी करून तळाच्या शिवणीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला दबका बोलतो. सुईच्या टोकाएवढी दोन-चार भोकं असतील तर सीलरला अर्थ आहे. तेव्हा कॉकचे आटे आणि हवेची नळी आधी बंद करायची, टाकी सगळ्या अंगांनी फिरवायची, आणि जास्तीचा सीलर ओतून काढायचा; तळाला साचलेलं डबकं आतून कच्चं राहतं. डब्यावर जितके दिवस वाळवा म्हटलंय तितके दिवस पेट्रोल घालायचं नाही. बोटाने दाबल्यावर पत्रा दबत असेल तर मात्र सीलर नव्हे, पत्रा बदलायचा.

गळतीवर अंघोळीचा साबण घासण्याची युक्ती खेड्यापाड्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून गळती थांबते. पाण्यात विरघळतो, म्हणून पहिल्या सरीला पुन्हा सुरू होते. घरी पोचण्यापुरता उपाय म्हणून उत्तम.

एक समज तर जिवावरचाच: ‘टाकी रिकामी आहे, मार वेल्डिंग.’ हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड टक्का झाली की स्फोट होऊ शकतो. १३ लिटरच्या टाकीला त्यासाठी मिलिलिटरभर पेट्रोल पुरतं, आणि तेवढं तर शिवणीत किंवा गंजाच्या पापुद्र्याखाली लपून राहतं. काठोकाठ भरलेल्या टाकीत वाफेला जागाच कमी, म्हणून रिकामी अधिक घातक. नुसतं धुऊन भागत नाही. जाणता कारागीर साबणाच्या पाण्याने दोनतीनदा धुतो, मग जिथे डाग द्यायचा तेवढीच जागा वर ठेवून बाकी टाकी पाण्याने भरतो, झाकण उघडं ठेवतो आणि मगच ज्योत जवळ आणतो. हे न करता गॅसची नळी उचलणाऱ्याच्या दुकानातून टाकी परत घेऊन यावी.

टाकी चढवताना झाकणाचं रबर आणि कॉकचं वायसर नवं घालावं, आणि कॉक व कार्ब्युरेटरच्या मध्ये पारदर्शक फिल्टर. पहिल्या दोन-तीन टाक्यांपर्यंत त्यात लाल धूळ दिसेल. ती हळूहळू कमी होत असेल तर काम जमलं. वाढत असेल तर कॉक बंद करून टाकी पुन्हा उतरवावी.